घरचं नाव विचारा

आमच्या सरखेल गल्लीत कुणी फोनवर फसलं तर तो मी माझा व्यक्तिगत अपमान समजेन, असं मी तुतुलला सांगून बसलो. जरा जास्तच बोललो. पण पुण्याहून एक मोठ्या पगाराचा माणूस आपल्याला फोन करतो, 'काका, आईला तिथं तुमच्याशिवाय आहे कोण,' असं म्हणतो, तेव्हा जीभ थोडी सैल सुटतेच. त्यातून मी वजनमाप खात्याचा निवृत्त निरीक्षक. आमच्या बेहाला भागातल्या अर्ध्या बाजारातले तराजू मी उलटे करून पाहिलेले आहेत. पारड्याच्या बुडाला चिकटवलेली चिंच, आतून पोखरून वर शिसं फासलेलं वजन, असलं सगळं मी नुसत्या हाताच्या अंदाजानं पकडत असे. लबाडी ओळखायचा मला सरकारी परवाना होता म्हणा ना. तो निवृत्तीबरोबर संपतो, हे मला कुणी लेखी कळवलेलं नव्हतं.

तुतुल हा शेजारच्या कणिका बौदींचा एकुलता एक मुलगा. त्याचे वडील, आमचे दादा, मला धाकट्या भावासारखं मानत, म्हणून त्यांची बायको माझी बौदी, म्हणजे वहिनी. तुतुल हे त्याचं घरचं नाव. बाहेर तो देवार्घ्य लाहिडी असतो. आमच्या बंगाल्यांत प्रत्येकाला अशी दोन नावं असतात. एक शाळेच्या दाखल्यावरचं, चांगलं भारदस्त, आणि दुसरं घरात हाक मारायचं. हे दुसरं जितकं बावळट, तितकी त्यात माया जास्त असं समजतात. माझ्या दाखल्यावर अनिमेष तरफदार असं नाव आहे, पण ते आता फक्त पेन्शनवाल्यांना माहीत आहे. गल्लीत मी भोंबल. साठी उलटली, केस गेले, तरी मासळीवाला भर बाजारात 'भोंबलदा, ताजी रोहू' असं ओरडतो आणि मी वळून बघतो.

तर तुतुलच्या फोनचं कारण असं, की पलीकडच्या गल्लीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांना खोट्या पोलिसांनी फोनच्या पडद्यासमोर बसवून ठेवलं होतं. 'तुम्हाला अटक झाली आहे, पडद्यासमोरून हलायचं नाही,' असं त्यांना सांगितलं. ज्या माणसानं आयुष्यभर पोरांना बाकावर उभं केलं, तो आंघोळीला जायची परवानगी मागत होता. शेवटी खातं रिकामं झाल्यावर त्यांची सुटका झाली. ही बातमी तुतुलनं पुण्यात वाचली.

'काका, मी सरळच सांगतो,' तो म्हणाला. 'आईचं असलं काही झालं, एकदा जरी झालं, तरी मी येईन, घराला कुलूप लावीन आणि तिला इकडे घेऊन येईन. चौदाव्या मजल्यावर तिची खोली तयार आहे.'

हे मी बौदींना सांगितलं तेव्हा त्या विळीवर मासा चिरत होत्या. हात थांबला नाही.

'पुण्याला मासा मिळतो का रे भोंबल?'

'मिळत असेल. मुंबई जवळ आहे त्यांना.'

'माझ्या मुलाचं मन वाईट नाही. तो घाबरतो. पण मला तिकडे नेऊन तो करणार काय? सोफ्यावर बसवेल. मग मोलकरीण सोफा पुसायला येईल तेव्हा मी जरा उठायचं आणि परत बसायचं.'

बौदींनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. दादा गेल्यापासून एकट्या राहतात. दादांनी त्यांच्या नावानं बँकेत जी ठेव ठेवली होती तिच्या व्याजावर घर चालतं, मुलाकडून एक पैसा घेत नाहीत. सकाळी बाजारात मासळीवाल्याशी भांडण, दुपारी नवारुण क्लबात कॅरम. कॅरमची पावडर स्वतःच्या पर्समधून नेतात, कारण क्लबाच्या पावडरीत पीठ मिसळलेलं असतं असा त्यांना संशय आहे. गल्लीतले यच्चयावत पुरुष त्यांच्याकडून हरलेले आहेत. मीही हरलो आहे, पण मला चष्म्याचा त्रास आहे. अशा बाईला चौदाव्या मजल्यावर नेणं म्हणजे काय, हे तुतुल सोडून आम्हा सगळ्यांना कळत होतं. तेव्हा मी मनाशी ठरवलं, की बौदींनाच काय, अख्ख्या गल्लीला शहाणं करून सोडायचं. क्लबात एक व्याख्यान द्यायचं. विषय, फोनवरची फसवणूक आणि आपण.

काम छोटं होतं. ते पल्टूदांच्या कानावर घातलं आणि मोठं झालं. पल्टूदा क्लबाचे सेक्रेटरी. ते म्हणाले, 'भाषण ठीक आहे, पण खायला काय ठेवतोस?' मी नव्या गुळाची संदेश मिठाई कबूल केली. मग ते म्हणाले, 'लाउडस्पीकर लागेल. आणि लाउडस्पीकर म्हटला की ठाण्याची परवानगी.' ठाण्यातल्या कारकुनानं माझा अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाला, 'विषय फसवणुकीचा आहे. मग सायबर शाखेची हरकत नाही असं पत्र आणा.' सायबर शाखेत कळलं, की असे अर्ज आता तिथं घेत नाहीत, मोबाइलवर एक लिंक पाठवतात, ती दाबून भरायचे. लिंक आली. मी तिच्याकडे बराच वेळ बघत बसलो. अनोळखी लिंक कधीही दाबू नये, हा माझ्या व्याख्यानातला पहिलाच मुद्दा होता. शेवटी लाउडस्पीकर रद्द केला आणि घसा बसेपर्यंत ओरडून बोललो.

तसं बोलायची गरजच नव्हती, कारण श्रोतेच जास्त बोलत होते. होमिओपॅथ हारानबाबूंना मी विचारलं, 'फोनवर येणारा ओटीपी कुणी मागितला तर तुम्ही काय कराल?' ते म्हणाले, 'देतो. माणूस एवढा अजिजीनं मागतो, आपल्याला त्याचा उपयोग काय?' दुसऱ्या एका गृहस्थांनी आपला बँकेचा पिन कार्डाच्याच पाठीवर रंगीत पेनानं लिहिला होता आणि वर 'हा पिन नाही' अशी चोरांसाठी सूचना लिहिली होती. मी कपाळाला हात लावला. या लोकांना दहा नियम सांगून उपयोग नव्हता. एकच नियम हवा होता, पण असा, की झोपेतून उठवलं तरी आठवेल.

आणि तो मला तिथंच, उभ्या उभ्या सुचला. आमच्या खात्यात एक प्रमाण वजन असतं. ते पेटीत बंद असतं, बाजारातली सगळी वजनं त्याच्याशी ताडून बघायची. म्हटलं, भामट्याला तुमचं दाखल्यावरचं नाव मिळेल, पत्ता मिळेल, आधारचा नंबरसुद्धा मिळेल. पण घरचं नाव कुठल्या सरकारी कागदावर असतं? ते फक्त आपल्या माणसाला माहीत असतं. तेव्हा 'मी तुमचा मुलगा बोलतोय, भाचा बोलतोय' असा फोन आला, की एकच प्रश्न. घरचं नाव सांग. सांगितलं तर आपला, नाही तर चोर.

टाळ्या पडल्या. मला आयुष्यात टाळ्या कधी पडल्या नव्हत्या, वजनमाप निरीक्षकाला कोण टाळ्या वाजवणार? त्या टाळ्या मी जरा जास्तच मनावर घेतल्या हे खरं आहे. माझ्या बायकोनं, सुतपानं, घरी जाताना विचारलं, 'अहो, पण तुम्हाला भोंबल तर सगळा बाजार म्हणतो, ते कसं?' मी म्हणालो, 'बाजार आपलाच आहे.' ती गप्प बसली. तिचं गप्प बसणं मी मान्यता समजत आलो आहे.

दुसऱ्या आठवड्यात दिव्याच्या खांबाखांबावर पल्टूदांनी कागद चिकटवले, 'घरचं नाव विचारा. हुकुमावरून, नवारुण क्लब.' आणि गल्लीत हाहाकार माजला. पल्टूदांच्या जावयानं सासूला फोन केला, तिनं घरचं नाव विचारलं. जावयाच्या घरचं नाव सासूलाच माहीत नव्हतं, त्यामुळे त्यानं सांगितलेलं तिला पटेना. तिनं त्याला चोर म्हणून फोन ठेवला. जावई जो रुसला तो पौष संक्रांतीला मिठाई घेऊन आलाच नाही. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला हारानबाबूंनी दारातच घरचं नाव विचारलं. तो बिचारा ओडिशाचा, त्याला प्रश्नच कळला नाही. आणि कोर्टातून निवृत्त झालेले रायबाबू, ज्यांच्यासमोर आम्ही छत्री मिटून उभे राहतो, त्यांना त्यांच्या थोरल्या बहिणीनं फोनवर परीक्षेला बसवलं तेव्हा फोनचा आवाज मोठा होता, आणि 'दिदी, मी पुचू' हे वाक्य गल्लीनं ऐकलं. रायबाबू त्यानंतर काही दिवस मागच्या दारानं जात होते. हे सगळं मी मोहिमेचं यश समजत होतो.

त्या दिवशी सकाळी मी बौदींकडे पाटिसापटा खायला गेलो होतो. तांदळाच्या पिठाच्या धिरड्यात खोबरं आणि गूळ घालून गुंडाळी करतात. ती बौदींच्या हातची म्हणजे बोलायचं काम नाही. दुसरी गुंडाळी माझ्या तोंडात असताना फोन वाजला. नंबर अनोळखी होता. बौदींनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. शिकवलंय तर घाबरायचं कशाला? त्यांनी आवाज मोठा ठेवून फोन घेतला.

पलीकडे कुणीतरी हुंदके देत होतं. 'मा,' एवढंच म्हणत होतं. 'मा, मा गं.'

'कोण? तुतुल?' बौदी उठून उभ्याच राहिल्या. 'तुतुल, काय झालं रे?'

'मा, माझ्या गाडीखाली माणूस आला. मला पोलिसांनी धरलंय. माझा फोन काढून घेतलाय, दुसऱ्याच्या फोनवरून बोलतोय.'

बौदींचा चेहरा पांढरा पडला होता. मी मात्र ठिकाणावर होतो. मी ताटली बाजूला ठेवली, घास गिळला आणि बोटानं खूण केली. विचारा. बौदींना ते बरोबर समजलं. पोटचा मुलगा रडत असतानाही त्यांनी विचारलं, याचं मला त्या क्षणी केवढं कौतुक वाटलं.

'आधी घरचं नाव सांग.'

'तुतुल, मा. तुझा तुतुल.'

'पास,' मी हळूच म्हणालो.

बौदींनी फोनवर हात ठेवला. 'भोंबल, आवाज वेगळा वाटतोय रे.'

'रडताना कुणाचाही वेगळा येतो. परीक्षा झाली ना? संपलं.'

मग फोनवर एक वकील आला. फार सभ्य माणूस. त्याचं म्हणणं असं, की जखमी माणसाचे घरचे तडजोडीला तयार आहेत, पण गुन्हा नोंदवायच्या आत पैसे पोचले पाहिजेत. एकदा नोंद झाली की तुतुलची नोकरी गेली. आणि कुणाजवळ बोलू नका, बोलाल तर मुलगाच अडचणीत येईल. वकिलानं फोन ठेवल्यावर मी खबरदारी म्हणून बौदींच्याच फोनवरून तुतुलच्या नेहमीच्या नंबरवर फोन लावून बघितला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. 'बघा,' मी म्हणालो, 'फोन पोलिसांकडे आहे म्हणत होता ना? अगदी जुळतंय.' माणसाला एकदा जुळवायचंच असलं, की सगळं जुळतं. पण हे शहाणपण आजचं आहे.

बँकेत आम्ही रिक्षानं गेलो. काउंटरवरच्या मुलीनं ठेवीची पावती हातात घेतली आणि बौदींकडे बघितलं. 'मासिमा, एवढ्या घाईनं मोडताय? कुणाचा फोन वगैरे आला होता का?'

बौदींनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, 'घरगुती कारण आहे.'

ती उठून मॅनेजरकडे गेली. मॅनेजर बाहेर आला. चांगला होता बिचारा, हे आता म्हणतो. तेव्हा मला तो उद्धट वाटला. 'सर, हल्ली असे फार प्रकार होतात. मुलाशी त्याच्या स्वतःच्या नंबरवर बोलणं होईपर्यंत आपण थांबू या. तासभर थांबल्यानं काही बिघडत नाही.'

'तुम्ही मला फसवणूक शिकवताय?' मी म्हणालो. 'या विषयावर गल्लीत माझं व्याख्यान झालंय.'

'सर, नियम आहे.'

आता नियम म्हटल्यावर माझ्या डोक्यात काय संचारलं कोण जाणे. पलीकडच्या टेबलावर सोनं गहाण घ्यायचा काटा होता. माझी नजर सवयीनं त्याच्यावरच्या मोहरेकडे गेली. मोहर मागच्या वर्षीची, मुदत उलटून गेलेली होती. मी चष्मा पुसला आणि आवाज खाली आणला. 'मॅनेजरसाहेब, या काट्याची तपासणी शेवटची कधी झाली? खात्यात अजून माझी माणसं आहेत.' मॅनेजरनं काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग बौदींकडून 'स्वतःच्या मर्जीनं पैसे पाठवत आहे' असं लिहून घेतलं आणि तो आत गेला. नोकरीत असताना माझ्या आवाजाला अशी धार कधी आली नव्हती. बौदी सही करत होत्या आणि मी त्यांना खाली कुठं सही करायची ते दाखवत होतो.

आम्ही घरी आलो. पाटिसापटा तशाच पडल्या होत्या. मी एक उचलली तेवढ्यात बौदींचा फोन वाजला. पडद्यावर तुतुलचं नाव होतं.

'मा, मगाशी फोन केला होतास? मी मीटिंगमध्ये होतो. काय गं?'

बौदींनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मला अजून सोसत नाही. रागाची असती तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, 'काही नाही रे, सहज. जेवलास का?' तो म्हणाला, अजून नाही. 'जेवून घे,' म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि बराच वेळ हातातच धरून बसल्या.

आता करायला काय हवं होतं, तर बँकेला आणि मदतीच्या सरकारी नंबरावर त्याच मिनिटाला कळवायला हवं होतं. मी काय केलं, तर अर्ज लिहायला बसलो. खात्यात चाळीस वर्षं हेच केलं होतं. घटनेचा तपशील, मुद्देसूद, परिच्छेदांना आकडे घालून. 'सदरहू इसमाने' हा शब्द बरोबर आहे की 'सदर इसमाने' यावर मी अडलो. बौदी दोनदा म्हणाल्या, 'भोंबल, नुसता फोन करून सांगू या का?' मी म्हणालो, 'बौदी, तोंडी तक्रारीला किंमत नसते.'

ठाण्यात पोचलो तेव्हा दुपार झाली होती. ड्यूटीवरचा अधिकारी वर्तमानपत्रावर मुरमुरे घेऊन खात होता. त्यानं माझा अर्ज चाळला.

'पैसे जाऊन किती वेळ झाला?'

मी सांगितलं.

'इतका वेळ काय करत होता? पहिल्या तासाभरात कळवलं तर पैसे वाटेत अडवता येतात. आता ते चार खात्यांतून फिरून कुठल्या कुठे गेले असतील.'

'अर्ज लिहीत होतो.'

'तीन प्रतींत?'

'चार. एक माझ्या दफ्तरी राहील.'

तो थोडा वेळ मुरमुरे चावत राहिला. मग बौदींकडे वळला. 'मासिमा, मला आठवून सांगा. तुम्ही विचारलंत घरचं नाव, त्यानं सांगितलं तुतुल. पण त्याच्या आधी तुतुल हे नाव पहिल्यांदा कोण बोललं? तो की तुम्ही?'

बौदी विचार करत होत्या. मला विचार करायची गरज पडली नाही. माझ्या तोंडात पाटिसापटा होती, कान तर उघडे होते. कोण, तुतुल, असं बौदीच म्हणाल्या होत्या. त्या भामट्याला त्यांनी नाव आयतं हातात दिलं आणि मग तेच परत मागितलं. आणि मी पास म्हणालो. बाजारातलं पोखरलेलं वजन पकडणारा मी, प्रमाण वजनच चोराच्या हातात देऊन त्याच्याकडून तोलून घेतलं.

'सगळ्या आया असंच करतात,' अधिकारी म्हणाला. 'फोनवर कुणी रडलं, की पहिल्यांदा पोराचंच नाव तोंडात येतं. त्या भामट्यांना आधी काही माहीत असावं लागत नाही. यांच्याजवळ पाठ केलेलं एक वाक्य असतं, बाकी काही नसतं.' मग त्यानं पोचपावती दिली. पैसे परत मिळतील का, असं बौदींनी विचारलं तेव्हा त्यानं मुरमुऱ्यांचा कागद गोळा करून टोपलीत टाकला.

बौदींना वाटत होतं, तुतुलला कळू द्यायचं नाही. पण त्या खात्यात दुसरं नाव त्याचंच होतं, ठेव मोडल्याचा संदेश त्याच्या फोनवर पोचला. दुसऱ्या दिवशी तो विमानानं आला. अंगावर ऑफिसचेच कपडे होते. ओरडला वगैरे नाही. आईच्या पाया पडला, तिच्याजवळ वेताच्या मोढ्यावर बसला आणि तिचा हात हातात घेतला. पल्टूदा, हारानबाबू, सुतपा, मी, सगळे उभे होतो. अशा वेळी आमच्या गल्लीत कुणाला घरी थांबवत नाही.

'मा, कसं झालं?'

'मी एकटी होते,' बौदी म्हणाल्या.

मी मान वर केली. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

'एकटी होते म्हणून घाबरले. तुझे वडील असते तर त्यांना विचारलं असतं. भोंबल बाजारात गेला होता. तो असता तर त्यानं त्या मेल्याचा आवाज पहिल्या शब्दाला ओळखला असता. चूक माझी झाली, की मी त्याची वाट बघितली नाही. आता फोन आला, की मी आधी त्याला हाक मारणार. दाराला दार लागून आहे. व्याज गेलं तर गेलं, वरची खोली भाड्यानं देईन. माझं काय आहे, एक वेळचा भात.'

हे त्या इतक्या शांतपणे, एकेक सोंगटी नीट लावावी तसं बोलत होत्या, की तुतुल ऐकत राहिला. हारानबाबू लगेच म्हणाले, 'भोंबल असताना काय भीती आहे?' पल्टूदांनी मान डोलावली. तुतुलनं डोळे पुसले. 'मा, मला तुला ओढून न्यायचं नाही गं. मला फक्त रात्री झोप लागली पाहिजे.' मग माझ्याकडे वळून म्हणाला, 'काका, यापुढे पैशाचा कुठलाही फोन असला, की तुम्ही जवळ असणार. एवढं कबूल करा. मी निघतो उद्या.'

बौदींनी हळूच श्वास सोडला. सुतपानं माझ्या सदऱ्याची बाही धरली.

आणि मला राहवलं नाही. एक बाई माझ्यासाठी स्वतःवर दोष घेते आणि मी उभा राहून तो घेऊ देतो? चार माणसं माझ्याकडे आदरानं बघतायत आणि तो आदर पोखरलेल्या वजनासारखा खोटा आहे? आयुष्यात मी कुणाचं खोटं माप चालू दिलं नाही, स्वतःचं कसं चालू देऊ? मी पुढे झालो. बौदी खोकल्या. मला वाटलं, भरून आलं असेल. सुतपानं बाही जोरात ओढली, ती मी सोडवून घेतली.

'तुतुल,' मी म्हणालो, 'तुझी आई खोटं बोलते आहे. ती एकटी नव्हती. मी तिच्या शेजारी बसलो होतो. तिला आवाज वेगळा वाटला होता, मीच म्हणालो की पास. बँकेतही मी होतो. मॅनेजर थांबा म्हणत होता, त्याला मी दम देऊन गप्प केलं. जे झालं ते माझ्यामुळे झालं. तिचा दोष नाही.'

बोलून झाल्यावर मला फार हलकं वाटलं. हे सांगायला लाज वाटते, पण वाटलं. कुणीतरी जवळ येऊन पाठीवर हात ठेवील अशी माझी अपेक्षा होती.

तुतुल मोढ्यावरून उठला. मग त्यानं फार सावकाश विचारलं, 'म्हणजे हे सगळं तुम्ही जवळ असताना झालं.'

'हो.'

'सुरुवातीपासून शेवटपर्यंत.'

'हो.'

त्यानं आईकडे बघितलं. 'मग मा, तुला मी इथं कुणाच्या भरवशावर ठेवून जाऊ?'

बौदींनी पदर सावरला. त्या उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. थोड्या वेळानं ट्रंक ओढल्याचा आवाज आला.

दोन दिवस आवराआवर चालली. मासळीवाला स्वतः येऊन गेला. क्लबातल्या लोकांनी कॅरमबोर्ड भिंतीला उभा करून ठेवला. माझ्याशी सगळे नीट बोलत होते, त्यामुळे मला बाहेर पडणं जड गेलं. टॅक्सी आली तेव्हा मी सामान उचलायला गेलो. तुतुल म्हणाला, 'असू द्या काका, मी घेतो.' सभ्यपणेच म्हणाला.

बौदी टॅक्सीत बसल्या आणि त्यांनी मला खिडकीजवळ बोलावलं. मला वाटलं, आता तरी दोन शब्द बोलतील. मीच आधी म्हणालो, 'बौदी, मला खोटं सोसवलं नाही.'

'ते दिसलं रे,' त्या म्हणाल्या. 'पण माझं त्याच्याशी जवळजवळ जमलं होतं, भोंबल. तुझ्याच नावावर जमवलं होतं. तुला खरं बोलायची एवढी कसली घाई झाली होती? मला आधी इथं राहू द्यायचं होतंस. मग बोलला असतास, रोज सकाळी येऊन बोलला असतास.'

मी काहीतरी बोलायला गेलो, पण तुतुल पलीकडून आत बसला. बौदींच्या मांडीवर त्यांचा फोन होता. त्यानं तो उचलला, 'हा आता माझ्याकडे राहू दे, मा,' असं अगदी प्रेमानं म्हणाला आणि खिशात घातला. बौदींनी एकदा रिकाम्या मांडीकडे बघितलं, हातावर हात ठेवले आणि समोर बघत बसल्या.